उकळलेली बिअर

"बुद्धाची दीक्षा घेतली ना तू? मंग बिअरच्या बाटलीले हात कायले लावला?" कौसल्या फणकारली.

"पेणार नाही म्हणून वचन देलं, वयनी. पिठात घालणार नाही म्हणून कोणी घेतलं?" नणंद सत्यशीला डब्यातून पाव काढत हसली. "अन् शिवाशिव तं आपणच सोडली."

रेल्वेच्या साहेबाकडे कौसल्या सहा वर्षं रांधत होती. सत्यशीलेला भांडी घासायला तिनंच आणलं होतं. आज मडमनं दोघींना गोड पाव करायला सांगितला होता. जिचा चांगला होईल, तिच्या हाती स्वैपाकघर.

सत्यशीलेचा पाव टम्म फुगला होता. कौसल्येचा पाटीसारखा चपटा.

"तुह्या पावात दारू हाय," कौसल्या म्हणाली.

"तुह्यात नाही?"

"मी बिअर उकळून घेतली. नशा उडवली, मंगच घातली."

सत्यशीलेनं तो चपटा पाव बोटानं दाबून पाहिला. "म्हणूनच बसला तो. फेसानं फुगते पाव, अन् तू फेसच उडवला. उद्या ये, शिकवतो तुले."

'शिकवतो.' या पोरीला इथली शेगडी पेटवायला कौसल्येनंच शिकवलं होतं.

व्हरांड्यात मडमच्या चपला वाजल्या. कौसल्येनं आपला पाव पदराखाली घेतला आणि ती मागच्या दारानं निघून गेली.