‘तेल स्वच्छ’ ही नोंद

मंगळवारी दुपारी ३.१२ वाजता माझगावसमोर आमच्या गस्ती बोटीचा स्टर्न ड्राइव्ह जाम झाला. ३.२१ ला लीडिंग मेकॅनिक दत्ताराम परब बोट आणि एका मालवाहू बार्जच्या मध्ये चिरडला गेला. तो एकतीस वर्षांचा होता. मी त्या बोटीचा चीफ मेकॅनिक होतो.

स्टर्न ड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं, गिअर आणि पंखा मागे पाण्यात. पंख्याच्या शाफ्टवरचे रबरी सील समुद्राचं पाणी गिअरच्या तेलात जाऊ देत नाहीत. बंदरात तुटक्या जाळ्यांचा नायलॉन शाफ्टला गुंडाळतो आणि सील कापतो. पाणी आत गेलं की तेल दुधी होतं. दुधी तेलावर बेअरिंग टिकत नाही. सील बदलायचे तर बोट पाण्याबाहेर काढावी लागते.

परब रोज सकाळी सातला गिअरच्या तेलाची बाटली बघायचा. अपघाताच्या अकरा दिवस आधी त्याने मला हाक मारली.

“चीफ, ह्यां तेल नाय, चाय आसा. बिस्कीट आणू?”

बोट बाहेर काढायला मी बोट ऑफिसरकडे एक दिवस मागितला. ते म्हणाले, सोमवारी रिव्ह्यू आहे, वरिष्ठ तपासणीला येतील, सगळ्या बोटी पाण्यात दिसल्या पाहिजेत. मी दोनदा विचारलं. लेखी दिलं नाही. परब लॉगबुकात दर सकाळी ‘तेल दुधी’ लिहीत राहिला.

रिव्ह्यूआधी जुनं तेल काढून नवं भरायचं, ही आमची पद्धत होती. सगळेच करायचे. नवं तेल काही तास चांगलं दिसतं. सोमवारी सकाळी सहाला मी ते भरलं, ‘तेल स्वच्छ’ लिहिलं आणि सही केली.

“सील तेच आसत, चीफ,” परब म्हणाला.

मी त्याला गप्प बस म्हणालो. रिव्ह्यूत बोट पास झाली.

मंगळवारी सकाळच्या गस्तीनंतर तेल पुन्हा दुधी होतं. परबने बाटली माझ्यासमोर धरली. २.४० ला कॉल आला. मच्छीमार बोटीत पाणी शिरत होतं, माणसं चार. आम्ही निघालो. ३.१२ ला मागून घरघर आली आणि इंजिन बंद पडलं. ओहोटी आम्हाला नांगरलेल्या बार्जकडे नेत होती.

“कंट्रोल, पॉवर नाही. बार्जकडे वाहतोय. ओढायला टो बोट पाठवा,” मी वायरलेसवर सांगितलं.

“टो वीस मिनिटं.”

परबने नांगर टाकला. तो धरला नाही. मग टक्कर झेलायचा रबरी फेंडर घेऊन तो बार्जच्या बाजूला गेला. बोट फिरली.

मच्छीमारांना दुसऱ्या बोटीने सुखरूप उचललं. परबला ४.२० ला परळच्या हॉस्पिटलात मृत घोषित केलं.

चौकशीचा रिपोर्ट दोन पानांचा होता. बिघाड अचानक झाला, परबने फेंडर लावताना सुरक्षेचे नियम पाळले नाहीत, असं त्यात होतं. पुरावा म्हणून सोमवारची ‘तेल स्वच्छ’ ही नोंद जोडली होती. त्याआधीच्या ‘तेल दुधी’ नोंदींचा उल्लेख नव्हता. रिपोर्ट वाचून मी दुसरा, लेखी जबाब दिला. त्यात त्या नोंदी आणि सोमवारी मी काय केलं तेही लिहिलं. बोट ऑफिसरना नवं पोस्टिंग मिळालं. सील बदलायला एक सकाळ पुरली.

मी लालबागला परबच्या घरी गेलो. त्याच्या आईने एकच विचारलं.

“साहेब, तेची चूक होती काय?”

“नाही.”

“मगे लिवन द्या.”

मी लिहिलं, खाली सही केली. तो कागद तिच्याकडे आहे. रिपोर्ट बदललेला नाही.