मीठ घातलेला बर्फ

एका जागी बसणं मला तेव्हाही जमत नव्हतं, पण त्या आठवड्यात मी अगदी पिंजऱ्यातल्यासारखी फिरत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत माझं संशोधन चाललं होतं. दारूचा निचरा करणारं एक एन्झाइम माणसाच्या लिव्हरमध्ये किती असतं, ते मला मोजायचं होतं. त्यासाठी अँटीबॉडी लागते, म्हणजे इतक्या प्रथिनांतून नेमकं ते एकच हुडकून त्याला चिकटणारं द्रव्य. पुण्याच्या एका मॅडमनी मोठ्या मनानं आपल्याकडची थोडी दिली. करंगळीच्या पेराएवढी कुपी. ती नासली तर माझी दोन वर्षं पाण्यात.

ओळखीच्या एकानं ती बर्फाच्या डब्यात घालून साताऱ्याला आमच्या घरी पोचवली. तिथं आबांनी, माझ्या वडिलांनी, बर्फ बदलून ती सांगलीच्या एसटीत द्यायची होती. मी स्टँडवर तासभर आधीच जाऊन येरझाऱ्या घालत होते.

"आवं ताई, काय हाय ह्यात?" कंडक्टरनं डबा माझ्या हातात कोंबला. "लय गार! मांडी बधिर झाली माझी."

तिथेच झाकण उघडलं. बर्फात मूठमूठ खडेमीठ! उन्हाळ्यात आमच्या घरी पॉटचं आइस्क्रीम व्हायचं आणि बर्फात मीठ घालायचा मान आबांचा. मिठानं बर्फाचा गारठा वाढतो, एवढं ते पक्कं जाणून होते. कुपी गोठून दगड झाली होती. गोठली की या अँटीबॉडीचा गुण जाऊ शकतो. मी मात्र त्यांना फक्त "गार राहू दे" एवढंच सांगितलं होतं.

समोरच्या बूथवरून साताऱ्याला शेजाऱ्यांकडे फोन लावला, आबांना बोलावून घेतलं आणि लोकांसमोर ओरडले, "कुणी सांगितलं होतं नसतं डोकं चालवायला?"

"वाटेत वितळू नये म्हणून गं..." मग ते म्हणाले, "चुकलं माझं."

मी फोन आपटला.

दोन दिवस धड जेवले नाही. लिव्हरचा अर्क लावलेली पट्टी त्या अँटीबॉडीत भिजवली, धुतली, रंगाच्या पाण्यात सोडली. गुण शाबूत असेल तर रेघ उमटायला हवी, पण काहीच दिसेना. तीनदा खोलीबाहेर जाऊन आले. चौथ्यांदा वाकले, तर पट्टीवर एक तपकिरी रेघ, हवी तिथेच! मी एकटीच मोठ्यानं हसले आणि तशीच बूथकडे पळाले.

फोनवर आई आली.

"आबांना दे," मी म्हणाले.

"पुण्याला गेलेत सकाळच्या गाडीनं. त्या मॅडमना भेटायला. पाया पडून दुसरी बाटली मागतो म्हणाले." आई म्हणाली. "उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नाही गं त्यांनी."

कुपी चांगली निघाली, एवढंच सांगायला मी फोन केला होता.