चौथी बाजू

मोहन्यातल्या त्या जुन्या मोबाइल टॉवरचं ड्रॉइंग कुणाकडेच सापडेना. त्यावर नवे अँटेना चढवायचे होते. टॉवर ते वजन पेलेल का हे तपासायला कॉम्प्युटरवर त्याचं मॉडेल करायचं काम वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात माझ्याकडे आलं. मी खालून पायांमधलं अंतर मोजलं, फोटो काढले, मॉडेलमध्ये एक बाजू उभी केली आणि तीच फिरवून उरलेल्या तीन बाजूंना लावली. चौकोनी टॉवर, चारही बाजू सारख्याच असणार.

आत झुकत जाणारे पाय नेमके कुठे सरळ होतात आणि तिथली रुंदी किती, एवढंच खालून कळत नव्हतं. सर म्हणाले, "उंचीवर चढायचं ट्रेनिंग झालंय ना तुझं? जा, मोजून ये."

सोबत आमचे नेहमीचे चढणारे काका होते, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. ते पुढे, मी मागे. बराच वेळ शिडी पुढे कललेली होती, अंग तिच्यावर टेकत होतं. टॉवरचे पाय सरळ झाले तिथे शिडीही ताठ झाली आणि मी मागे ओढली जाऊ लागले. तेवढ्यात वारा सुटला. टॉवर हलला. वाऱ्यात तो किती मिलिमीटर हलेल हे मीच काढलं होतं, तरी हात शिडीला घट्ट चिकटून बसले.

"काका, मला नाही जमत."

"हुक लावलाय ना बाय? मग पडशील कशी? खाली नको बघू, समोर बघ."

समोर बघितलं. झाडीकडच्या बाजूला दोन पायांना जोडणारा एक तिरपा लोखंडी अँगल नव्हताच. दोन्ही टोकांना नुसती बोल्टची गंजलेली भोकं. खालून फांद्यांआड ते दिसलं नव्हतं. माझ्या मॉडेलमध्ये तो अँगल शाबूत होता.

"काका, तिकडे..."

त्यांनी पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "टेप दे. रुंदी घेतो नि उतरू. सावकाश."

खाली आल्यावर त्यांनी पाण्याची बाटली दिली. मला झाकण फिरवता येईना, त्यांनीच उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॉडेलमधून तो अँगल काढला. नवे अँटेना न लावताच एका पायावरचा भार मर्यादेबाहेर गेला. सरांनी आकडे बघितले आणि लगेच टॉवरच्या कंपनीला फोन लावला.

आठवड्याभरात नवा अँगल आला. तो बसवायला काकाच चढले. मी कुंपणापाशी उभी होते. ते उतरेपर्यंत मला एकदाही वर बघवलं नाही.