पांढऱ्या पाटीची गाडी

भाऊंनी निवृत्तीनंतर गाडी घेतली तेव्हा त्यांच्या बायकोने, अनुसूयाकाकूंनी, कपाळाला हात लावला होता. सुपारीची बाग घराला लागून, बाजार बोर्लीला, मुलगा पुण्यात आणि तो कधी बोलावत नाही, मग गाडी कशाला? भाऊ म्हणाले, "असू दे दारात. वेळेला उपयोगी पडते." भाऊंचं एखादी गोष्ट करायचं ठरलं की कारण मागाहून सुचायचं. मास्तरकीतही तसंच होतं.

पण गाडी खरंच वेळेला उपयोगी पडायला लागली. आमच्या वाडीतून म्हसळ्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे एसटी पकडायची, आणि एसटी आजाऱ्याची सोय बघून येत नाही. कुणाची सून अडली, कुणाला साप चावला, कुणाचा म्हातारा पडवीतच घसरला, की माणसं भाऊंच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहायची. भाऊ जेवत असले तर हात धुऊन उठायचे. तक्रार करायचे, पण उठायचे.

पहिल्यांदा भिकूने त्यांच्या हातात पैसे ठेवले तेव्हा भाऊ संतापले होते. भिकू म्हणजे शेजारचा शेतकरी, लहानपणी चौथीपर्यंत भाऊंच्याच बाकावर बसलेला. "मी काय ड्रायव्हर आहे का रे?" म्हणून भाऊंनी नोटा परत केल्या. भिकूने त्या खिशात घातल्या. पण पुढच्या खेपेला बायकोला, मैनाला, ताप भरला तरी तो आला नाही, एसटीने गेला. तेव्हा अनुसूयाकाकूंनी नवऱ्याला चांगलं झापलं. "तुम्ही घेतलं नाही तर तो दुसऱ्यांदा हाक कशी मारेल? त्याला काही लाजबीज आहे की नाही? डिझेलपुरतं घ्या आणि गप्प बसा."

तेव्हापासून तशी रीतच पडली. गाडीतून उतरताना माणूस पुढच्या काचेखाली काहीतरी ठेवून उतरणार. कुणी डिझेलचे पैसे, कुणी नारळ, कुणी वालाच्या शेंगा. भाऊ तिकडे बघायचे नाहीत आणि ठेवणाराही बोलायचा नाही. कुणी मोजलं नाही, कुणाला जड झालं नाही. सगळ्यांची मान ताठ राहिली, एवढं खरं.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मैनाचं हृदय आता अशक्त झालं होतं, छातीत पाणी व्हायचं. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी भिकूला बजावून ठेवलं होतं, "दम लागला की वाट बघत बसू नका. लगेच उचलून आणा." त्या दिवशी तिला दम लागला आणि भाऊ निघाले. घाटातल्या वळणावर समोरून वाळूचा डंपर रस्ता खात आला. भाऊंनी गाडी डावीकडे घातली ती गटार ओलांडून थेट चिऱ्याच्या बांधावर. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला, पुढचं एक चाक आत वळलं. भाऊंच्या बरगडीला मार लागला, भिकूचा गुडघा सोलला. मैना मागच्या सीटवर होती, तिला देवाच्या दयेनं काही झालं नाही. मागून येणाऱ्या टेम्पोने तिघांना दवाखान्यात पोचवलं. डंपरवाला थांबला नाही. ते कधी थांबतात?

गाडी माणगावच्या गॅरेजला ओढून नेली. विम्याच्या सर्व्हेअरने फोटो काढले. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा आकडा सांगितला तो ऐकून भाऊ तिथल्या स्टुलावर बसले. चासीच वाकली होती. पण विमा होता, हप्ता एकदाही चुकला नव्हता, त्यामुळे भाऊ निर्धास्त होते. विमा उतरवून देणारा स्वप्निल, भाऊंचाच विद्यार्थी, म्हणाला, "सर, काळजी करू नका. कंपनीचा एक माणूस चौकशीला येईल, तेवढं झालं की क्लेम पास."

तो माणूस आला. पोरगा गोड बोलणारा होता. भाऊंकडे जुजबी विचारपूस करून तो भिकूच्या घरी गेला. भिकूने त्याला माचावर बसवलं, मैनाने कोकमाचं सरबत दिलं. त्याने फोन मांडीवर ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊ नेहमी नेतात का हो तुम्हाला? काही घेत असतील ना?"

भिकूला वाटलं, हा आपल्याला फुकटे समजतो. त्याने मान वर केली. "फुकट न्हाय हिंडत आम्ही. दर खेपेला पैशे ठेवतो."

"एक खेप चुकली न्हाय," आतून मैना म्हणाली. "आमीच काय, आख्खी वाडी ठेवते."

फोन सगळं ऐकत होता. पोरगा सरबत संपवून, नमस्कार करून गेला. भिकूने संध्याकाळी मोठ्या कौतुकाने भाऊंना सांगितलं, की आपण वाडीचं नाव राखलं.

आणि कंपनीचं पत्र आलं. गाडी खासगी, पांढऱ्या पाटीची, आणि प्रवाशांकडून पैसे घेऊन भाड्याने चालवली जात होती. सबब क्लेम नामंजूर.

भाऊ स्वप्निलकडे गेले, कंपनीच्या अलिबागच्या कचेरीत गेले. तिथल्या बाई नीट बोलल्या, पाणीही दिलं, पण म्हणाल्या, "काका, पैसे घेत होतात ना?" भाऊ समजावत राहिले, की ते भाडं नव्हे, ती आमच्याकडची रीत आहे. बाई म्हणाल्या, "रीत लिहायला आमच्याकडे जागा नाही." चिडायचं कुणावर? त्या तरी काय चुकीचं बोलत होत्या!

मुलाचा पुण्याहून फोन आला, "बाबा, भंगारात काढा आणि मोकळे व्हा." भाऊंना ते बोलणं फार लागलं. त्या गाडीमुळे म्हातारपणी त्यांच्या खळ्यात माणसं येत होती. गाडी गेली तर वाडीचं काय, आणि आपलं तरी काय, हे त्यांच्या मनातून जाईना.

मग स्वप्निलने मार्ग काढला. भिकूने स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं, की मी घाबरून काहीबाही बोललो, मी भाऊंना कधीही काहीही दिलेलं नाही, त्यांनी मला नेहमी फुकट नेलं. अनुसूयाकाकू म्हणाल्या, "हे करू नका. दुसरं काय वाट्टेल ते करा. माझ्या पाटल्या विका." भाऊ म्हणाले, "अगं, नुसता कागद तर आहे." जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवत आलेला माणूस, पण गाडीपायी त्याची बुद्धी फिरली, दुसरं काय म्हणायचं!

भिकूने कागद दोनदा वाचला. बोट ठेवून, एकेक अक्षर.

"मी कधीच काय दिलं न्हाय, असं लिवलंय?"

"कंपनीपुरतं रे. आपल्याला ठाऊक आहे ना खरं काय ते."

"व्हय," भिकू म्हणाला, आणि त्याने सही केली. भाऊंचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. मैना दारात उभी होती. ती आत गेली ती चहा घेऊन बाहेर आलीच नाही. भाऊंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

क्लेम पास झाला. झीज धरून थोडं कापलं, बाकी कंपनीने भरलं. नवरात्रात गाडी नव्यासारखी होऊन दारात आली. भाऊंनी वाडीभर पेढे वाटले. भिकूने पेढा कपाळाला लावून खाल्ला, चाकांवर पाणी घातलं. भाऊंना वाटलं, झालं, सगळं पूर्ववत झालं.

मग एके दिवशी त्यांनी भिकूला आणि मैनाला फाट्यावर एसटीची वाट बघत उभं पाहिलं.

"अरे, मला हाक का नाही मारलीस?"

भिकू नजर टाळत म्हणाला, "रागावू नका, भाऊ. पैशे ठेवले तर माझा कागद खोटा पडतो, उद्या तुमच्यावर येईल. न ठेवता मला बसवत न्हाय."

"शेंगा आण, नारळ आण."

"ते पण देणंच की."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भाऊंनी भांडून त्याला गाडीत बसवला असता. पण हा माणूस त्यांचंच हित बघून उभा होता, त्याला काय बोलणार? वाडीतले इतरही हळूहळू यायचे बंद झाले. भिकूला लिहून द्यावं लागलं, उद्या आपल्याला लागेल, असं सगळ्यांना वाटत असावं. गाडी दारात पुसून उभी असायची. भाऊ रोज ती चालू करून बघायचे, बॅटरी उतरू नये म्हणून.

दिवाळीनंतर एका दुपारी भाऊ बोर्लीच्या बाजारातून परतत होते. फाट्यावर मैना दगडावर बसलेली, छाती भात्यासारखी हलते आहे, भिकू तिची पाठ चोळतो आहे. भाऊंनी गाडी तिच्यापाशीच उभी केली आणि दार उघडलं. "भिकू, आज काही बोलू नकोस. बसव तिला."

भिकूने तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. तो एक पाऊल पुढे आलाही. तेवढ्यात वळणावर म्हसळ्याची एसटी दिसली. "आलीच बघा," तो म्हणाला, आणि त्याने मैनाला उचलून एसटीत चढवलं.

भाऊंनी गाडी फिरवली आणि एसटीच्या मागे लावली. एसटी प्रत्येक थांब्याला थांबायची. बायका पाट्या उतरवायच्या, शाळेची पोरं चढायची. भाऊही मागे थांबायचे. पुढे जाऊन एसटी अडवावी, हात धरून दोघांना उतरवून घ्यावं, असं सबंध रस्ता त्यांना वाटत होतं. पण त्यांनी ते केलं नाही. कुठल्या तोंडाने करणार होते?

म्हसळ्याच्या स्टँडवर भिकू मैनाला हातांवर घेऊन उतरला तेव्हा तिची मान कलली होती. तिथून दवाखान्यापर्यंत मात्र तो मुकाट्याने भाऊंच्या गाडीत बसला. दारातच डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भिकू "एसटीनं आणली" एवढंच म्हणाला. त्यांनी तिला आत घेतलं आणि लगेचच बाहेर आले. मैना गेली होती.

डॉक्टर भल्या मनाचे, तेही हळहळले होते. "मी सांगितलं होतं ना, वाट बघू नका म्हणून? थोडं आधी आणलं असतं तर..." त्यांची नजर भाऊंच्या हातातल्या चावीकडे गेली. "आणि भाऊ, तुमची गाडी होती ना? मग हिला एसटीने कसं आणलं?"

भाऊंनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं, सगळं सांगायचं होतं. पण भिकूच आधी बोलला.

"गाडी बंद पडली व्हती, सायेब," तो म्हणाला. "भाऊंनी लई खटपट केली. चालूच व्हईना. म्हून बशीनं आलो, गाडी मागनं चालू झाली."

बायको आत पडलेली, आणि हा माणूस पुन्हा भाऊंसाठी खोटं बोलत होता. या वेळी त्याच्यापुढे कुणी कागद धरला नव्हता. डॉक्टरांनी मान हलवली आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, तुमचा काय दोष, अशा अर्थाने. भाऊंनी तो हात तसाच राहू दिला.