अण्णांची पहिली शिवी

पक्षाघाताने माझ्या वडिलांची, अण्णांची, वाचा गेली. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस पाणीसुद्धा खुणेने मागू लागला. तिसऱ्या आठवड्यात नर्सने दंडात सुई टोचली आणि अण्णांनी अगदी स्पष्ट उच्चारात एक अस्सल शिवी हासडली.

आई ओशाळली. "हे कधी 'गाढवा'च्या पुढे गेले नाहीत हो," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टर हसले. "आपण ज्याने शब्द जुळवून बोलतो, तो मेंदूचा भाग दुखावलाय. शिवी बहुधा दुसऱ्याच वाटेने येते. ती वाट शाबूत आहे."

इतकी वर्षं त्या सज्जन डोक्यात ही शिवी कुठे गप्प बसून होती, याचं मला नवल वाटलं. डॉक्टर गेल्यावर आईने अण्णांचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "परत एकदा म्हणा ना."