कुलूपकाका आणि दुमडलेला फॉर्म

कुलूपकाकांना हे नाव जहाजावर पडलं. तीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केला. कमरेला कोठीची किल्ली आणि पोटात पंचवीस माणसांची गुपितं. कोण कोपऱ्यात रडला, कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कप्तानाच्या वाट्याची केळी कोणी लंपास केली, आचाऱ्याला सगळं कळतं. पण काकांच्या तोंडून त्यातलं कधी काही बाहेर पडलं नाही. काकू म्हणायच्या, "माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, कबूल! पण ह्यांच्या तोंडात पोतंभर तीळ कुजून जातील."

निवृत्त झाल्यावर काकांना झोप येईना, कारण घर हलत नव्हतं. तीन महिने कसेबसे काढले आणि मग ते बंदरावरच्या खलाशी कल्याण केंद्रात जाऊन बसायला लागले. केंद्र म्हणजे गोदामाच्या माडीवरच्या दोन खोल्या, देणग्यांवर चालणाऱ्या. एकीत फुकट इंटरनेट, जुनी मासिकं आणि कोणाकोणाच्या आयांनी विणून दिलेल्या लोकरी टोप्यांची खोकी. दुसरीत व्यवस्थापकबाई आणि त्यांचं फायलींचं कपाट. सकाळी काका होडीनं जहाजांवर जात, टोप्या, साबण, सिमकार्डं वाटत, कोणाचं काय अडलंय ते विचारत. दुपारी खलाशांच्या घरांकडे फेरी. पगार नाही, चहा मात्र मागाल तेवढा.

आता या लोकांचा एक जुना रिवाज आहे. समुद्रावरच्या माणसाला घरची वाईट बातमी कळवायची नाही. कळून तो काय करणार, उडी मारून पोहत येणार? आणि समुद्रावरचा गडीही घरी हेच सांगतो, "इकडे सगळं झकास." दोन्हीकडचं झकास किती खरं, ते फक्त काकांना ठाऊक.

एका जहाजावरच्या फिटरची बायको घरी शिलाई करायची. एके दिवशी कपाटावरचा रिळांचा डबा काढताना ती स्टुलावरून पडली आणि गुडघा निखळल्यासारखा झाला. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरीच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर पाय कायमचा ताठ राहील. पायमशीन चालवणाऱ्या बाईचा पाय ताठला तर पुढं बोलायलाच नको. केंद्राच्या मदतनिधीतून खर्च मिळत होता, पण फॉर्मवर खलाशाची स्वतःची सही हवी.

"फोटो पाठवून चालणार नाही का?" काकांनी बाईंना विचारलं.

"विश्वस्तांना अस्सल सही लागते, काका. कागद पुरा तर मदत पुरी."

इकडे फिटरची बायको ऐकेना. "त्यांना कळवायचं नाही म्हणजे नाही. आठ महिने झालेत, अजून दोन राहिलेत. यंत्रावर काम करणारा माणूस. लक्ष उडालं तर?"

तेवढ्यात फिटरचं जहाज तेल भरायला बंदराबाहेर नांगर टाकणार असल्याचं कळलं. तीन तासांचा मुक्काम, कोणालाही किनाऱ्यावर उतरायची परवानगी नाही. काका तिच्याकडे गेले. तिनं फॉर्म हातात घेतला, मधोमध दुमडला, सहीची चौकट तेवढी वर ठेवली.

"अशी सही घ्या. कशाची म्हणून विचारलं तर सांगा, टोप्या मिळाल्याची."

"खोटं मी बोलायचा नाही, पोरी. पण माझ्या तोंडून तुझ्या पायाबद्दल अवाक्षर जायचं नाही."

अडुसष्टाव्या वर्षी दोरीच्या शिडीनं जहाजावर चढणं म्हणजे पोरखेळ नव्हे. काका धापा टाकत वर पोचले, जेवणघरात गेले आणि फिटरकडे बघून जागीच थांबले. गड्याचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"हातावर कप्पी पडली," फिटर म्हणाला. "दोन आठवडे झाले. काका, हे इथंच राहू दे. तिला कळलं तर ती जेवण टाकेल."

"माझ्या तोंडून जायचं नाही," काका म्हणाले. त्यांना एकदम आठवलं, हल्ली तिच्या घरी पाहिलं होतं, ही दोघं व्हिडिओ कॉलवर बोलायची तेव्हा फोन नाकाला टेकवूनच बसायची. ती म्हणायची, तुमचं कपाळच दिसतंय. तो म्हणायचा, तुझं तरी काय, नुसतं नाक!

"सही कशी करणार तू?"

"डाव्या हाताचा अंगठा देतो."

"अंगठा का, त्याचं कारण वरच्या रकान्यात लिहावं लागतं." काकांचा हात घडीवर थांबला. बाहेर तेल भरून झालं होतं, नळ्या सुटायला लागल्या होत्या. वरचा रकाना उघडला तर तिचं गुपित उघडं, लिहिला नाही तर फॉर्म बाद आणि पाय जायबंदी. त्यांनी घडी मोडली, फॉर्म टेबलावर पसरला, वर बशी ठेवली आणि पाठ फिरवून कपात चहा ओतायला लागले. एक कप भरला, दुसरा भरला. तिसरा कोणासाठी होता कोण जाणे.

"काका! हे काय आहे?"

"मी काही बोललो का?"

"ही कधी पडली?"

"तारीख असेल की कागदावर."

फिटरनं डाव्या हाताच्या बोटानं तारीख शोधली. मग डोळे पुसत हसला. "रोज सांगते, मशीन जोरात चालू आहे म्हणून." त्यानं शाईत अंगठा बुडवला आणि असा दाबला की कागद चुरगळला. काकांनी वर लिहिलं: उजवा हात जखमी, म्हणून डाव्या हाताचा अंगठा.

दुपारी तोच फॉर्म त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला, उघडाच.

"अंगठा? माझा नवरा सही करतो ती कागदाबाहेर जाते, काका..." आणि ती वरची ओळ वाचायला लागली. काका खिडकीबाहेर बघत राहिले. तिनं फोन लावला, यावेळी हात लांब करून. तिकडून आधी प्लास्टर दिसलं, इकडून गुडघा.

"वा गं वा, झकास आहे म्हणे!"

"तुम्ही नका सांगू! लबाड कुठले!"

जहाज लांब गेलं, रेंज तुटली, तोवर दोघं भांडत होती. काकांना वाटलं, आठ महिन्यांत पहिल्यांदाच ही दोघं धड बोलली.

ऑपरेशन महिनाअखेरीच्या चार दिवस आधी झालं. पाय वाकतो, जिने चढताना थोडा कुरकुरतो. फिटर घरी आला तेव्हा त्याची दोन बोटं ताठ होती. आता त्याच्या शर्टाची बटणं ती लावते आणि कपाटावरचा रिळांचा डबा तो उतरवतो.

व्यवस्थापकबाईंनी मात्र काकांना धरलं. "दोघांना कळलं कसं? तुम्ही तर कुलूप!"

"मी कुठं सांगितलं? कागद पुरा हवा, असं तुम्हीच म्हणाला होतात," काका म्हणाले आणि पुढच्या घरचा फॉर्म त्यांनी पिशवीत न दुमडता, सपाट ठेवला.