टबाच्या बदल्यात गेलेले मासे

माझा जुना मोबाईल घरातल्या सगळ्यांच्या लेखी मेलेला होता. काचेला तडा, सिम काढलेलं, चार्जर काढला की थोड्या वेळात अंधार. आदिलाबादच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा मला नवा मिळाला आणि जुना स्वयंपाकघरातल्या फळीवर डाळीच्या डब्यामागे गेला. तो अजून चालतो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात माझे मासे होते.

माशांचा खेळ तसा सोपा. दोन मासे एका टाकीत सोडायचे, पिल्लं मोठी होऊ द्यायची, नको ती विकायची. विकायला नुसतं बोट टेकवायचं. गिऱ्हाईक भाव पाडत नाही, ‘कोणाची गं तू’ असं विचारत नाही. मी शाळेत इंग्रजी आणि तेलुगू शिकले, बाजारात हिंदी ऐकते, घरी मराठी बोलते. तरी अनोळखी माणसासमोर चारही भाषा एकदमच गप्प होतात. आई वाडीत वांगी तोडायला गेली की मी चार्जर लावून फळीपाशी उभी राहायची आणि टाक्या बघायची.

मला एक मासा हवा होता. दुधासारखा पांढरा आणि फक्त शेपटी हळदीसारखी पिवळी. शाळेत असल्यापासून त्याच्या मागे होते. पिवळा रंग यायचा तर अंगभर पसरायचा, नाहीतर यायचाच नाही. यंदाच्या थंडीत एकदाची तशी मादी निघाली. तिला अजून पिल्लं व्हायची होती. खेळ जुना, इंटरनेटशिवाय चालणारा; नव्या मोबाईलवर तो मिळत नव्हता. म्हणजे ती होती ती तिथेच, डाळीच्या डब्यामागे.

त्या दुपारी मी बसमधून फाट्यावर उतरले, तेव्हा चहाच्या टपरीसमोर एक मोपेडवाला थांबला होता. मागे रंगीत टबांची उतरंड, पुढे लटकवलेला भोंगा. ‘पुराना मोबाइल, खराब मोबाइल लाओ, टब ले जाओ.’ मी मान खाली घालून त्याच्या बाजूने गेले.

घरी आई अंगणात वांगी धूत होती. नव्याकोऱ्या हिरव्या टबात.

“हा कुठला टब?”

“पाह्य ना, केवढा मोठा देला त्यानं! तुया त्या फुटक्या मोबाईलवर.”

मी फळीकडे पळाले, डबा बाजूला केला आणि परत आले. माझं तोंड बघून आईचे हात थांबले.

“काऊन वं? तो तं मेलेला व्हता ना?”

“त्यात माझे मासे आहेत.”

“मासे?” आईने माझ्याकडे नीट पाहिलं. “आपल्या घरात कोनी मासे शिजवत नाही, अन् तू पाळून राह्यली?”

पुढचं समजावायला मी थांबले नाही. भोंगा अजून फाट्यावरच ऐकू येत होता. मी धावत सुटले, आणि मागून आई, टब कमरेवर घेऊन, वांग्यांसकट.

मोपेडवाला निघायच्या बेतात होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले खरी, पण तोंडातून शब्द निघेना. टपरीवरची माणसं बघत होती. शेवटी म्हणाले, “मेरा मोबाइल. गलती से दिया.”

त्याने गोणी उघडून दाखवली. आत मोबाईलच मोबाईल, बहुतेकांच्या काचेला तडे. “इसमें कौनसा तुम्हारा, कैसे मालूम? सब ऐसेइच हैं. और टब तो इस्तेमाल हो गया, अम्मा.”

“एक घंटे में घिस गया क्या टब?” आई म्हणाली. “बैंगन धोये सिरफ. कपडे भी नहीं धोये.”

टपरीवर कोणीतरी हसलं. मी गोणीत हात घातला आणि माझा ओळखून काढला. पण तो उघडेना. बॅटरी संपलेली.

“चालू करके दिखाओ,” तो म्हणाला. “तुम्हारा निकला तो ले जाओ.”

टपरीवाल्याने चार्जर दिला. आम्ही सगळे त्या काळ्या काचेकडे बघत उभे राहिलो. मला वाटत होतं, चालू झाला तरी खेळ पुसला गेलेला असेल. किंवा चालू होईल आणि या सगळ्या माणसांसमोर माझे मासे उघडे पडतील. दोन्हींत जास्त वाईट काय, ते ठरवता येत नव्हतं.

चालू झाला. मी खेळ उघडला. टाक्या दिसल्या, आणि कोपऱ्यातल्या टाकीत ती, पिवळी शेपटी हलवत. मी टपरीच्या बाकड्यावर बसूनच घेतलं.

“ये सफेदवाली क्या है?” मोपेडवाला वाकून विचारत होता.

आणि मी सांगितलं. हिंदीत, थांबत थांबत. दोन पिवळ्यांची पिल्लं कशी सगळी पिवळी निघत गेली, पांढरी किती वाट बघून मिळाली, त्यातही ही एकटीच अशी. अनोळखी माणसाशी एवढं मी कधीच बोलले नव्हते. कोणी हसलं नाही. टपरीवाला म्हणाला, “मग आता इकनार का हिला?”

माझ्याआधी आईच बोलली. “इकते काय! बियाची हाय ते.”

आमच्या वाडीत सगळ्यांत चांगलं वांगं आई तोडत नाही. झाडावरच पिकून पिवळं होऊ देते आणि देठाला लाल चिंधी बांधते, म्हणजे ते बियाचं. चिंधी असलेल्या फळाला घरातलं कोणी हात लावत नाही.

तिने वांगी पदरात ओतून घेतली आणि टब परत दिला. मग त्यातलीच ओंजळभर वांगी मोपेडवाल्याला दिली. तो नको नको म्हणत राहिला आणि घेऊन गेला. परतताना मी तिला म्हटलं, टब चांगला होता.

“रंग लई भडक व्हता,” ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, “सांगाचं असते ना वं. मले काय मालूम?”

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर मोबाईल फळीवर पुढे काढून ठेवलेला होता, चार्जरला लावून. मधोमध लाल चिंधी बांधलेली, घट्ट, काचेवरून आडवी. मी ती सोडली नाही. जरा खाली सरकवली आणि टाकी उघडली. पिल्लं झाली होती. आई वाडीतून यायची होती. तिला दाखवायला मी थांबले.